युंग विंग आणि त्याची इंग्रजी विद्या

इ. स. १८५५ च्या एप्रिल महिन्यांत 'युरेका' नांवाचें एक अमेरिकन शिडाचें जहाज हाँगकाँगजवळ येऊन पोंचलें. न्यूयॉर्क सोडल्याला १५४ दिवस झाले होते. बंदरांत शिरावयाची वाट दाखविण्यासाठीं एक चिनी वाटाड्या जहाजावर चढला. आसपास धोक्याचे खडक आहेत काय, पाणी कोठें उथळ आहे काय, हें कप्तानाला त्याच्याकडून जाणून घ्यावयाचें होतें. आणि त्यासाठीं दुभाषाही आयताच मिळाला होता. उतारूंमध्यें सव्वीस वर्षांचा एक चिनी तरुण होता. नुकताच तो येल येथील कॉलेजची पदवी घेऊन मायदेशीं परतत होता. कप्तानानें त्याला प्रश्न विचारावयास सांगितलें. तरुण पुढें झाला आणि तसाच उभा राहिला. 'खडक' आणि 'उथळ पाणी' यांना त्याच्या मातृभाषेंत काय म्हणतात, तें त्याला कांहीं केल्या आठवेना. कप्तान आणि आजूबाजूचे लोक हसूं लागले. सुदैवानें वाटाड्याला इंग्रजी समजत होतें. त्यानेंच ते दोन चिनी शब्द त्या पदवीधराला सांगितले. या तरुणाचें नांव युंग विंग. म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्यानें हा प्रसंग मोकळ्या मनानें सांगितला असून, मायदेशीं परतल्यावर आपल्याला चिनी शिकविणारा पहिला गुरु हा वाटाड्याच, अशी कबुली दिली आहे.

अमेरिकेंतील मोठ्या कॉलेजची पदवी मिळविणारा पहिला चिनी म्हणून युंग विंगचें नांव इतिहासांत राहिलें आहे. परंतु त्याच्या यशाइतकीच ही फजितीही आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. परभाषा शिकतांना मनुष्य काय मिळवितो याचा हिशेब सर्वजण मांडतात. तो काय देऊन बसतो, आणि दिलेलें परत मिळवितां येतें कीं नाहीं, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. युंग विंगच्या चरित्रांत या हिशेबाच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिति पाहूं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चीनचा युरोपियनांशीं समुद्रमार्गानें होणारा व्यापार कँटन या एकाच बंदरांत चालत असे. परक्यांनीं चिनी भाषा शिकूं नये असा सरकारचा कटाक्ष होता. १७५९ च्या सुमारास जेम्स फ्लिंट या इंग्रजाला सरकारकडे चिनींत अर्ज करण्यास साहाय्य केल्याच्या आरोपावरून एका चिनी मनुष्याचा शिरच्छेद झाला. मग व्यवहार चालावा कसा? तो चालला एका धेडगुजरी बोलीवर. शब्द बहुतांशीं इंग्रजी, बांधणी चिनी, अशी ती बोली होती. चिनी भाषेंत संख्येनंतर वस्तूचा प्रकार दाखविणारा एक शब्द घालावा लागतो. म्हणून 'एक मनुष्य' याला या बोलींत 'वन पीसी मॅन' म्हणत. तिला 'पिजिन' म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजी 'बिझनेस'चाच अपभ्रंश असावा असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहून दाखविणाऱ्या लहान चोपड्या कँटनच्या बाजारांत मिळत. इंग्रजांना तेव्हां 'तांबड्या केसांचे लोक' म्हणत, आणि त्यांची भाषा म्हणजे 'तांबड्या केसांच्या लोकांचें बोलणें'. अशा चोपडीवरून शिकलेला दलाल चहाचा सौदा नीट करी. पण इंग्रजी पुस्तकाचें एक पानही त्याला वाचतां येत नसे.

या व्यापाराशीं आपल्या मुंबईचाही निकट संबंध होता. माळव्याची अफू आणि पश्चिम हिंदुस्थानचा कापूस मुंबईच्या गोदींतून कँटनला जाई. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं तरुणपणीं चीनच्या सफरी केल्या, आणि त्यांच्या ज्या संपत्तींतून पुढें मुंबईंत रुग्णालय व कलाशाळा उभ्या राहिल्या, तिचा मोठा भाग याच व्यापारांतला होता. युंग विंगचें बालपण ज्या युद्धानें उलटेंपालटें केलें, त्या अफूच्या युद्धाचें एक मूळ आमच्याच धक्क्यावर होतें, ही गोष्ट चीनविषयीं लिहितांना आम्हांस विसरतां येत नाहीं.

युंग विंगचा जन्म १८२८ सालीं मकावजवळच्या एका बेटावर, नामपिंग या गांवीं झाला. घरची स्थिति गरिबीची होती. थोरल्या भावाला बापानें रीतीप्रमाणें कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकविणाऱ्या शाळेंत घातलें. या मुलाला मात्र सातव्या वर्षीं मकाव येथें गुट्सलाफ नांवाच्या मिशनऱ्याच्या इंग्रज पत्नीनें चालविलेल्या शाळेंत नेऊन पोंचविलें. चीनमध्यें सरकारी नोकरी, प्रतिष्ठा, सर्व कांहीं जुन्या ग्रंथांच्या परीक्षांवर अवलंबून असतां बापानें असें कां करावें? युंग विंगचा स्वतःचा तर्क असा कीं, परक्यांशीं दळणवळण वाढणार हें आईबापांनीं ओळखलें, आणि एक तरी मुलगा दुभाषा व्हावा म्हणजे घराला बरे दिवस येतील असें त्यांना वाटलें. एक मुलगा जुन्या वाटेला, दुसरा नव्या वाटेला. गरीब कुटुंबानें धोका असा वांटून घेतला होता. इंग्रजी शिक्षणाच्या आरंभीं आपल्याकडील कितीतरी घरांनीं हेंच केलें, हें वाचकांना सांगावयास नको.

उंच, पांढऱ्या झग्याची, फुगीर बाह्यांची ती बाई प्रथम पाहतांच मुलगा भेदरून बापाला बिलगला. पुढें कांहीं मुलींना बरोबर घेऊन त्यानें होडींतून पळून जाण्याचाही बेत केला. पाठलाग होऊन सर्वजण पकडलीं गेलीं, आणि पुढाऱ्याला डोक्यावर कागदाची उंच टोपी घालून सर्वांसमोर उभें राहावें लागलें. थोडक्यांत, विद्येची गोडी उपजत होती असें म्हणण्याजोगें येथें कांहीं नव्हतें.

१८३९ सालीं अफूच्या तंट्यामुळें ती शाळा मोडली. पुढल्या वर्षीं बापही वारला. बारा वर्षांचा हा मुलगा पहाटे उठून गांवोगांव मिठाई विकूं लागला, आणि सुगीच्या दिवसांत बहिणीबरोबर कापणी झालेल्या शेतांत भाताचा सर्वा वेंचूं लागला. एके दिवशीं बहिणीनें मुख्य कापणाऱ्याला सहज सांगितलें कीं, माझ्या भावाला परक्यांची भाषा येते. तेव्हां त्या माणसानें, तांबड्या केसांच्या लोकांसारखें बोलून दाखीव, म्हणजे तुला भाताची पेंढी देतों, असें म्हटलें. मुलगा लाजला, पण बहिणीनें भीड मोडली, आणि त्यानें इंग्रजी मुळाक्षरें पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमांत म्हणून टाकलीं. कापणारे हातांतले विळे थांबवून आ वासून ऐकत राहिले. भावाबहिणींना घरीं नेतां नेतां पुरेवाट झाली, इतक्या पेंढ्या त्या दिवशीं मिळाल्या. इंग्रजीची ही पहिली कमाई. तींत अर्थ नव्हता, वाक्य नव्हतें. नुसता परका आवाज होता, आणि त्या आवाजालाच भात मिळाला. भाषेची किंमत तिच्यांतील ज्ञानावरून ठरण्याच्या फार अगोदर ती तिच्यामागच्या सत्तेवरून ठरते, हें यापेक्षां थोडक्यांत कोणी सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

१८४१ मध्यें त्याला खरी शाळा मिळाली. चिनी भाषेचा मोठा कोश रचणारा रॉबर्ट मॉरिसन १८३४ सालीं कँटन येथें वारला. त्याचा कोश १८१५ ते १८२३ या काळांत मकावला छापला गेला, आणि त्यानंतर आठच वर्षांनीं मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश मुंबईंत निघाला. मॉरिसनच्या स्मरणार्थ एक शिक्षणसंस्था निघाली. तिची शाळा १८३९ मध्यें मकावला सुरू झाली व १८४२ मध्यें, युद्धांत इंग्रजांच्या हातीं आलेल्या हाँगकाँगला गेली. सॅम्युएल रॉबिन्स ब्राउन हा येलचाच पदवीधर तिचा मुख्य शिक्षक होता. या शाळेची एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथें मुलें अर्धा दिवस इंग्रजी शिकत आणि अर्धा दिवस चिनी.

चिनी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी म्हणजे काय, याची कल्पना मराठी वाचकाला सहज यावयाची नाहीं. 'गेला', 'जातो', 'जाईल' हा भेद आपण आईच्या मांडीवर शिकलेलों असतों. इंग्रजींतील काळ आपल्याला परके असले तरी काळाची कल्पना परकी नसते. चिनी क्रियापदाचें रूप कधींच पालटत नाहीं. गोष्ट घडून गेली हें दाखवावयाचें तर निराळा शब्द जोडावयाचा. नामांना अनेकवचनाचे प्रत्यय नाहींत. कँटनच्या बोलण्यांत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. उलटपक्षीं, एकच अक्षर निरनिराळ्या सुरांत उच्चारलें कीं अर्थ बदलतो, आणि इंग्रज सूर चढवितो-उतरवितो तो शब्दाचा अर्थ बदलण्यासाठीं नव्हे. जोडाक्षरानें सुरू होणारा शब्दच त्या बोलींत नाहीं. म्हणून इंग्रजी 'स्टोअर' हा शब्द कँटनी तोंडांत 'सी-दो' झाला, जसें आपल्या खेडुतानें 'स्टेशन'चें 'ठेसन' केलें. लिपी तर मुळांतूनच वेगळी. इंग्रजींत सव्वीस अक्षरांत सर्व विद्या. चिनींत प्रत्येक शब्दाची आकृति निराळी पाठ करावयाची, आणि तिचा सराव सुटला कीं हात ती विसरतो. या शेवटल्या गोष्टींतच युंग विंगच्या पुढील आपत्तीचें बीज होतें.

ब्राउनच्या हाताखालीं या मुलाची प्रगति झपाट्यानें झाली. १८४५ सालीं त्यानें 'न्यूयॉर्कपर्यंत व हडसन नदीवरून काल्पनिक प्रवास' या विषयावर इंग्रजी निबंध लिहिला. आणि दोनच वर्षांनीं कल्पना खरी झाली. ब्राउन प्रकृतीमुळें परत निघाला असतां, बरोबर कोण येतो, असें त्यानें वर्गाला विचारलें. तीन मुलें उभीं राहिलीं, त्यांत युंग विंग होता. आईची समजूत कशीबशी पटली. ४ जानेवारी १८४७ रोजीं चहा भरलेल्या 'हंट्रेस' जहाजावरून हीं मुलें निघालीं आणि १२ एप्रिलला न्यूयॉर्कला उतरलीं.

मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन येथें तयारी करून तो १८५० मध्यें येलला दाखल झाला. तत्पूर्वीं त्याच्या बाण्याची कसोटी लागली. मिशनरी होईन असें लिहून देशील तर शिष्यवृत्ति मिळेल, असें त्याला सांगण्यांत आलें. तो ख्रिस्ती होता, गरीब होता. तरी देशाची सेवा कोणत्या मार्गानें करावयाची हें आगाऊ बांधून घेण्याचें त्यानें नाकारलें. पुढें सव्हाना येथील स्त्रियांच्या एका मंडळानें साहाय्य केलें. उरलेला खर्च विद्यार्थ्यांच्या खाणावळीची व्यवस्था पाहून आणि ग्रंथालयांत काम करून त्यानें भागविला. गणितांत तो वरचेवर गटांगळ्या खाई. परंतु दुसऱ्या वर्षीं लागोपाठ दोन सत्रांत इंग्रजी निबंधाचें पहिलें पारितोषिक त्यानें मिळविलें. कापणाऱ्यांपुढें मुळाक्षरें म्हणणारा मुलगा आतां अमेरिकन मुलांना त्यांच्याच भाषेंत मागें टाकीत होता. १८५४ सालीं तो पदवीधर झाला. त्यापूर्वींच त्याच्या मनानें एक निश्चय केला होता : जें शिक्षण मला मिळालें, तें चीनच्या पुढल्या पिढीलाही मिळालें पाहिजे.

आणि मग तें 'युरेका' जहाज, तो वाटाड्या, आणि ते दोन न आठवणारे शब्द! आठ वर्षांत अर्ध्या दिवसाचें चिनी सुटलें होतें, आणि पूर्ण दिवसाच्या इंग्रजीनें त्याची जागा घेतली होती.

घरीं आल्यावर आईनें प्रश्न केला कीं, या पदवीबद्दल पैसे किती मिळतात? मुलानें समजावून सांगितलें कीं पदवीनें पैसा लगेच मिळत नाहीं, पण ती माणसाला इतरांच्या पुढें नेते. आणि अशी पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चिनी मुलाची तूं आई आहेस. आईचें समाधान झालें. मात्र तिनें एक गोष्ट बजावली : थोरला भाऊ अद्याप मिशा ठेवीत नाहीं, तेव्हां तूं त्या काढून टाक. पदवीधर निमूटपणें उठला आणि न्हाव्याकडून मिशा काढवून आला. या लहानशा गोष्टींत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. भाषा जिभेवरून गेली होती. पण घराची रीत कोठें आहे हें त्याला पक्कें ठाऊक होतें, आणि म्हणूनच भाषाही परत येण्याची आशा होती. कँटनला राहून सहा महिने त्यानें बोली पुन्हां घटवली. लिहिणें-वाचणें याहून कठीण गेलें. प्रौढपणीं मुलासारखें बसून तें गिरवावें लागलें.

सतरा वर्षें त्याचा बेत मनांतच राहिला. १८६३ सालीं त्सेंग क्वोफान या मोठ्या अधिकाऱ्यानें यंत्रसामग्री विकत आणण्यासाठीं त्याला अमेरिकेस पाठविलें, तेव्हां दरबारांत त्याचें वजन वाढलें. शेवटीं १८७१ मध्यें त्सेंग आणि ली हुंगचांग यांनीं बादशहाकडे शिफारस केली, आणि १८७२ पासून दरवर्षीं ३० याप्रमाणें चार वर्षांत १२० मुलें अमेरिकेस पाठविण्यांत आलीं. मुदत पंधरा वर्षांची होती. उत्तरेकडील प्रतिष्ठित घरें मुलें देईनात. बहुतेक मुलें दक्षिणेंतील क्वांगतुंग प्रांतांतूनच आलीं. तिकडे काय बरेंवाईट होईल त्याला सरकार जबाबदार नाहीं, असें पालकांकडून लिहून घेत. बारा-तेरा वर्षांचें पोर असें लिहून देणाऱ्या बापाच्या मनाची स्थिति काय झाली असेल!

या योजनेची आंखणी पाहिली म्हणजे युंग विंगला स्वतःची फजिती कशी लागून राहिली होती, तें कळतें. मुलांना कनेक्टिकट व आसपासच्या भागांत अमेरिकन कुटुंबांत ठेवलें. कारण इंग्रजी पाटीपेक्षां जेवणाच्या मेजावर लौकर येतें. परंतु त्यांच्याबरोबर चिनी पंडितही पाठविले होते. हार्टफर्ड येथील मिशनच्या घरीं मुलांनीं पाळीपाळीनें येऊन राहावें, चिनी ग्रंथ वाचावेत, अक्षरें गिरवावींत, निबंध लिहावेत, असा नियम होता. ब्राउनच्या शाळेंतील 'अर्धा दिवस' येथें वेगळ्या रूपानें पुन्हां आला.

नियम चांगला; पण तो मुलांच्या मनांत उतरला नाहीं. इंग्रजी म्हणजे मित्र, बेसबॉल, बर्फावरचे खेळ आणि पोटच्या मुलासारखें वागविणारी घरमालकीण. चिनी म्हणजे पाठांतर आणि छडी. कांहींनीं वेण्या कापल्या, कांहींनीं ख्रिस्ती धर्म घेतला. वू त्सेतंग या नव्या अधिकाऱ्यानें पेकिंगला लिहून कळविलें कीं, हीं मुलें परत येतील तेव्हां चीनच्या कामाचीं राहणार नाहींत. त्यांतच अमेरिकेंत चिनी मजुरांविरुद्ध द्वेष भडकला होता, आणि लष्करी विद्यालयांत या विद्यार्थ्यांना घेण्याचें तेथील सरकारनें नाकारलें. मार्क ट्वेन व पाद्री ट्विचेल यांनीं माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडून लीला पत्र पाठवविलें. तेंही अखेर निष्फळ ठरलें. १८८१ सालीं योजना बंद झाली. तोंपर्यंत दोघांनाच पदवी मिळाली होती. परत आलेल्या मुलांना शांघायला पहाऱ्यांत एका जुन्या इमारतींत उतरविलें.

येथें दोष कोणाचा? मंडारिनांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, आणि त्यांची दृष्टि आखूड होती यांत संशय नाहीं. पण त्यांची भीति निराधार होती असें म्हणवत नाहीं. ज्या माणसानें योजना आंखली, तोच हाँगकाँगच्या तोंडाशीं मुका झाला होता. त्यांची खरी चूक निराळी होती. तुटलेला धागा जोडतां येतो, हें त्यांनीं ओळखलें नाहीं. धागा तुटेल म्हणून त्यांनीं मागच उचलून ठेवला.

धागा जोडतां येतो याचा पुरावा त्याच मुलांनीं दिला. पदवी मिळालेल्या दोघांपैकीं चान तियेनयू (याचें नांव त्सान तिनयू असेंही लिहितात) यानें १९०५ ते १९०९ या काळांत पेकिंगपासून कालगानपर्यंत सुमारें २०० किलोमीटरांची आगगाडी चिनी इंजिनियरांच्या बळावर डोंगरांतून नेली. चढ फार असल्यामुळें एके ठिकाणीं गाडी उलट दिशेनें वळवून वर चढविण्याची युक्ति त्यानें केली. १८६३ सालीं उघडलेल्या आमच्या बोरघाटांतही गाड्या अशाच उलटवून चढवीत. परंतु आम्हांस त्याचें दुसरें काम कमी मोलाचें वाटत नाहीं : १९१५ मध्यें त्यानें स्थापत्य-यंत्रविद्येच्या इंग्रजी शब्दांचा चिनी कोश तयार करून छापविला. ब्राउनच्या शाळेंतील युंग विंगचा समकालीन तांग तिंगशू यानेंही १८६२ सालींच इंग्रजी शिकूं पाहणाऱ्या आपल्या देशबांधवांसाठीं सहा भागांचें पुस्तक लिहिलें होतें. परक्या विद्येचें जहाज बंदरांत आणावयाचें तर खडकांचीं नांवें आपल्या भाषेंत ठाऊक पाहिजेत, हें या लोकांनीं ओळखलें. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ मध्यें 'दर्पण' काढलें तें इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत, शेजारीं शेजारीं. इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनींही ती उपमा मराठींत दिली, आणि त्या दुधाची ताकद मराठीच्याच कामीं लावली.

आतां थोडें स्वतःविषयीं. आम्हीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलें, आणि त्यावर पोट भरलें. दोन वर्षांपूर्वीं गांवीं गेलों असतां ऐंशी उलटलेल्या आमच्या आत्यांनीं विचारलें, "बाळ, तूं कॉलेजांत पोरांना शिकवितोस तें काय, मला एकदां सांग बघूं." आम्हीं लियर राजाची गोष्ट सांगितली. गोष्ट सरळ झाली; पण तींत थोर असें काय आहे हें सांगूं लागलों, तेव्हां तोंडाला एकामागून एक इंग्रजी शब्द येऊं लागले, आणि मराठी म्हणून जे आले ते पाठ्यपुस्तकांतले, आत्यांच्या काय कामाचे! आम्ही अडखळलेलों पाहून त्याच म्हणाल्या, "म्हणजे जिवंतपणीं सगळा सातबारा लेकींच्या नांवें केला, कीं म्हातारपणीं ओसरीवर बसावें लागतें. आणि मग कोण आपलें तें कळतें. असेंच ना?" त्या दिवशीं आमच्या जहाजावरचा वाटाड्या आत्या झाल्या.

आज गांवोगांवचे आईबाप मुलाला इंग्रजी शाळेंत घालतात, तें युंग विंगच्या बापाच्याच हिशेबानें; त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं, आणि युंग विंगही कधीं म्हणाला नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, शिकण्याचें काम परभाषा आली म्हणजे अर्धें होतें. तिच्यांतून मिळालेलें घरच्या माणसाला घरच्या शब्दांत देतां आलें, म्हणजे उरलेलें अर्धें होतें. आणि हें दुसरें अर्धें आपोआप होत नाहीं, त्याला दिवसाचा निराळा भाग राखून ठेवावा लागतो.

युंग विंगनें आपल्या संग्रहांतील १२३७ चिनी ग्रंथ १८७८ मध्यें येलला दिले. आत्मचरित्र मात्र त्यानें इंग्रजींत लिहिलें. तें १९०९ सालीं न्यूयॉर्कला निघालें, आणि १९१२ च्या एप्रिलांत तो हार्टफर्ड येथें वारला. त्या वर्षीं चीनमध्यें प्रजासत्ताक आलें, आणि त्याचा पहिला पंतप्रधान झाला तांग शाओयी. तो त्या १२० मुलांपैकींच एक होता. युंग विंगचें चरित्र त्याच्या देशबांधवांना चिनींत वाचावयास मिळालें तें १९१५ मध्यें, दुसऱ्यांनीं केलेल्या भाषांतरांतून.